बाटलीवाली नर्सबाई

माय, सोड्याच्या मशीनांच्या तुझ्या यादीत सिहोऱ्याचं मशीन पहिलं होतं आणि आंधळगावचं शेवटून दुसरं, हे मला कधीच पटलं नाही. आपण राहायचो आंधळगावात, सोडेवाला आपल्या ओळखीचा, मशीनचं हँडल तू आयुष्यात पहिल्यांदा फिरवलंस ते त्याच्याकडे, आणि मार्क देताना मात्र दहापैकी तीन. मी भांडले की तू म्हणायचीस, "वळख वेगळी अन् मशीन वेगळं." माणसांच्या बाबतीतही तुझा हिशेब असाच रोखठोक होता, एक मी सोडून. एकोडीचं स्थळ मी तुझ्या अब्रूसाठी नाकारलं असं तू शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलीस. गेल्या आठवड्यात साकोलीला एका लग्नात मावशीने तीच गोष्ट पुन्हा चार नव्या पोरींना ऐकवली, माझ्याकडे बोट दाखवून. "मायसाठी हिनं चांगलं सोन्यासारखं स्थळ सोडलं, शिका जरा हिच्यापासून." मी मान खाली घालून भात कालवत बसले. आता माझं वय तुझ्या शेवटच्या वयापेक्षा जास्त झालं आहे, शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि तरी त्या पंगतीत मला शाळेतल्या पोरीसारखं कानकोंडं झालं. त्याचंच लिहायला बसले आहे. पण तुला माहीत आहे, मी सरळ मुद्द्यावर येत नाही. आधी मशीनवरून जाईन.

तुझ्या हौसेची सुरुवात एका फुटलेल्या बाटलीने झाली. मी चौथीत होते. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तू नर्सचं शिक्षण घेऊन आंधळगावच्या केंद्रावर आली होतीस आणि आपण दोघी सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाजाराचा दिवस. सोडेवाला हाताला दुपट्टा गुंडाळून आला, तो सगळा लाल झालेला. गोटीच्या बाटल्या भरताना एक त्याच्या हातातच फुटली होती. तू चिमट्याने काचा काढल्यास, औषध लावलंस, पट्टी बांधलीस आणि मग विचारलंस, "पण ते फुटली काहून?" त्याला वाटलं बाई रागावल्या. तो म्हणाला, "चूक झाली जी." तू म्हणालीस, "चूक कायची? मी इचारून राहिली, फुटते कशी?" ते त्याला शब्दांत सांगता येईना, म्हणून पुढच्या बाजारी त्याने आपल्याला दुकानामागे नेऊन मशीनच दाखवलं.

मला ते आजही जसंच्या तसं दिसतं. लोखंडी घोडीवर बसवलेली एक जाळीची पेटी, तिच्यात दोन बाटल्या, बाजूला गॅसची टाकी आणि एक लांब हँडल. बाटलीत पाणी भरायचं, पेटीत आडवी बसवायची, गॅस सोडायचा आणि हँडल गरागरा फिरवायचं. बाटली उलटी होते तशी आतली काचेची गोटी घरंगळत तोंडाशी येते, आणि गॅस तिला आतूनच दाबून धरतो. बूच नाही, झाकण नाही. सोडेवाला म्हणाला, "फिरवून पाहा नर्सबाई." तू पदर खोचतेस, दोन्ही हातांनी हँडल धरतेस आणि फिरवतेस, सहा, आठ, दहा फेरे, आणि बाटली बाहेर निघते ती बंद होऊन. "अवं माय वं," तू म्हणतेस, "आतल्याच जोरानं दार लागलं!" त्या दिवशी तू किती वेळ हसत होतीस. बाबा गेल्यानंतर मी तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. पुढे मी पस्तीस वर्षं मुलांना कार्बन डायऑक्साइड शिकवला, पण पाण्यात गॅस दाबाने विरघळतो हे मला पुस्तकातून कधी शिकावंच लागलं नाही.

मग तुझं वेडच झालं ते. कुणी बाई बाजारात जाऊन बांगड्या बघते, कुणी पातळं. तू सोड्याची मशीनं बघायचीस. कामानिमित्त तुला गावोगाव जावं लागायचं, मीटिंग असेल तर एस.टी.ने आणखी लांब, आणि जिथे जाशील तिथला बाजार गाठून आधी सोड्याचं दुकान शोधायचीस. लसीच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं तू त्यासाठी ठेवली होतीस. रेघा मारलेल्या. हँडलचे फेरे किती, जाळी धड आहे की पोतं बांधलंय, पाणी विहिरीचं की तलावाचं, गोटी फोडताना आवाज कसा, पेल्यात बुडबुडे किती वेळ टिकतात, आणि शेवटच्या रकान्यात दहापैकी मार्क. सोडेवाले आधी घाबरायचे. सरकारी बाई रजिस्टर घेऊन उभी म्हणजे तपासणीच. एकाने तर तुला पाहून घाईघाईने रांजण घासायला घेतला. तू म्हणालीस, "घासा, घासा, चांगलंच हाये. पण मी तपासाले नाही आली जी, मी हौसेनं आली." त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. नर्सला कसली आलीय हौस.

एकदा मी विचारलं होतं, हे तू काहून करतेस. तेव्हा नसबंदीच्या केसेसचं टार्गेट होतं, दर महिन्याला वरून विचारणा व्हायची, आणि तू पांढरं लुगडं नेसून गल्लीत शिरलीस की गडीमाणसं मागच्या दाराने धानाच्या बांधीकडे पसार व्हायची. बायासुद्धा दार लोटून घ्यायच्या. ज्यांची बाळंतपणं तू केलीस त्याच बाया. त्याचा तुला किती त्रास होत होता हे मला तेव्हा कळत नव्हतं. तू चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होतीस, वर न पाहता म्हणालीस, "दिवसभर लोकायचं दुखणं ऐकतो आपण, अन् वरून त्यायलेच आपली भीती. त्या मशीनले काही दुखत नाही, अन् ते मले पाहून पळतही नाही." एवढं बोलून तू तांदूळ धुवायला उठलीस.

तुझ्या त्या रजिस्टरमुळे मी एकदा मारही खाल्ला आहे. आंधळगावच्या तीनचे मी पेन्सिलने आठ केले होते. सोडेवाला मला दर बाजारी एक जुनी गोटी द्यायचा, त्याची ही फेड. तुला लगेच कळलं. पाठीत एक धपाटा घातलास आणि म्हणालीस, "खोटे मार्क देशील तं त्याचंच नुकसान होईल. त्याचा वायसर सडला हाये, गॅस सुटून राहिला. आठ मार्क भेटले तं तो कायले बदलवते?" आणि खरंच, पुढे कधीतरी त्याने रबराचा वायसर बदलला तेव्हा तू त्याला तीनचे पाच दिलेस आणि तो आठवडाभर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होता. सिहोऱ्याचं मात्र तुला तोंड नव्हतं पुरत सांगायला. चार बाटल्यांचं, हिरव्या रंगाचं, पितळी चाकाचं, हँडलचं लाकूड हातांनी घासून घासून तुकतुकीत झालेलं. तिथला सोडा प्यायलो की नाकात झिणझिण्या यायच्या आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी. साडेनऊ मार्क. अर्धा का कापला विचारलं तर म्हणालीस, "पुरे दहा देले का माणूस माजते."

पण आपल्याकडे सोड्याचं दुकान आणि दारूचं दुकान यांचा शेजार जुना आहे. सोडा कोण पितो? अपचन झालेला शेठ, नाहीतर बाजूच्या दुकानातून आलेला पिणारा. बाई तर पीतच नाही, आणि नवरा गेलेली बाई उभ्याने बाजारात पीत असेल तर लोक काय ते आपल्या मनाने जोडून घेतात. आठवीत असताना वर्गातली एक पोरगी मला म्हणाली, "तुही माय बाटलीवाली हाये म्हणते लोक." मला अर्थ कळला. तुला तो कधीच कळला नाही. "हो वं, मले बाटलीवाली नर्सबाईच म्हणते सारे," असं तू स्वतःच हसत सांगायचीस, कारण तुझ्या डोक्यात बाटली म्हणजे गोटीची बाटली, दुसरी कुठली असू शकते हे तुला सुचायचंच नाही. मी तुला ते समजावून सांगायला हवं होतं. लाज वाटायची, आणि तुझ्या तोंडावरचं ते हसू घालवायचं जिवावर यायचं. दोन्ही खरं आहे.

बारावी झाली आणि मामाने एकोडीचं स्थळ आणलं. आपल्याच समाजातलं घर, मुलगा तहसिलीत कारकून, वडील निवृत्त गुरुजी, घरची धानाची शेती. नाव ठेवायला जागा नव्हती. मला नागपूरला जाऊन बी.एस्सी. करायचं होतं. कॉलेजचा फॉर्म मी मैत्रिणीच्या भावाकडून मागवून गादीखाली ठेवला होता, आणि हे तुला सांगायची हिंमत नव्हती. कारण तू खूश होतीस. तू म्हणत होतीस, पोरीचं बरं झालं म्हणजे मी सुटली. मामा तर तारीख काढायच्या गोष्टी करत होता. एकदा होकार गेला की संपलं होतं सगळं, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी उठून मी ठरवायचे, आज सांगते, आणि तू चहा पुढे ठेवलास की गप्प बसायचे.

ते लोक आले. गुरुजी आणि त्यांची बायको, सोबत मामा. जयभीम झाला, पाणी झालं. मी आत पोहे करत होते. गुरुजी सज्जन माणूस, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, वाईट नका वाटून घेऊ. कानावर आलं म्हून इचारतो. तुमी बाजारात बाटली घेता म्हणते."

"हो जी, घेते ना," तू म्हणालीस. "खोटं कायले बोलू?"

"रोज?"

"रोज कुठची जी! बाजाराच्या दिवशी. एखादी, बहुत झालं तं दोन. दोनच्या वर गेली का पोट फुगते."

गुरुजींच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मामा तेवढ्यात पान आणायला बाहेर गेला होता, नाहीतर त्याने तिथेच सावरलं असतं. गुरुजींचा आवाज बारीक झाला. "कुठं घेता?"

"आता तं सगळीकडं घेऊन पाहिली," तू रंगात आलीस. तुला वाटलं, शिकलेला माणूस आहे, आपल्या हौसेची चौकशी करतो आहे. "इथली फुसकी हाये. तुमच्या एकोडीची बरी, सात मार्क देले मी तिले. पण सिहोऱ्याची जे कडक हाये ना जी! एका घोटात डोळ्यातून पाणी."

"अन् पोरगी?"

"तिले चौथीपासून सवय हाये. माह्यापेक्षा चांगली पारखते ते."

मग गुरुजींनी विचारलं, "घरी पंचशील म्हणता का?" तू ताठ बसलीस आणि म्हणालीस, "रोज सकाळी जी. पाचही." पाचवं शील म्हणजे नशापाणी वर्ज्य. गुरुजींनी भिंतीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पोह्यांची ताटली घेऊन मी आतल्या दाराशी उभी होते. पोहे न खाताच ते दोघं उठले. लोकांना मी नेहमी सांगत आले की त्या वेळी मी दारात भीतीने गोठून गेले होते, तोंडातून शब्द फुटला नाही.

दोन दिवसांनी मामा आला तो लालबुंद होऊन. "त्यायचं म्हणणं हाये का पोरीची माय पिते." तू म्हणालीस, "पिते म्हंजे?" आणि मग तुझ्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहवत नाही. सोड्याचं होतं हे मामाने त्यांना सांगून पाहिलं होतं, पण भाऊ बहिणीवर पांघरूण घालतो आहे असंच त्यांना वाटलं. मामा गेल्यावर तू मला विचारलंस, "ते काय इचारून राहिले होते, तुले समजलं होतं का वं?" मी म्हणाले, "नाही, माय." तू मान हलवलीस. "मलेच नाही समजलं तं तुले कसं समजन. माह्या जिभेनं तुहं लग्न मोडलं." त्यानंतर चार महिने तू बाजारात गेली नाहीस. भाजी शेजारीण आणायची. आंधळगावचा सोडेवाला एकदा दारात येऊन विचारून गेला, बाई, तब्येत बरी नाही का, तर तू आतूनच हो म्हणालीस. रजिस्टर तू उतरंडीच्या मागे टाकून दिलंस. तेवढ्यातच कॉलेजचा फॉर्म मी तुझ्यापुढे ठेवला आणि तू लगेच सही केलीस. वर म्हणालीस, "शिक. माह्यानं झालेलं नुकसान तेवढंच भरून निघन."

गुरुजींना खरं पटलं ते एकोडीच्या सोडेवाल्यामुळे. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं, आणि तो तडक गुरुजींच्या ओट्यावर जाऊन म्हणाला, त्या बाईनं माझ्या मशीनला सात मार्क दिले आहेत, दारूचा काय संबंध. गुरुजी दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे आले, एकटे, एस.टी.ने. दारातच हात जोडले. "बाई, जन्मभर पोरायले शब्दाचे अर्थ शिकवले, अन् मले एका बाटलीचा अर्थ नाही समजला." तू रडायला लागलीस आणि रडता रडता हसायला लागलीस. ते म्हणाले, मुलाचं अजून कुठे जमवलेलं नाही, तुमची हरकत नसेल तर. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत हो होता. आणि मी म्हणाले, "ज्यायनं तुह्यावर शक घेतला, त्यायच्या घरी मी नाही जात, माय." ते म्हातारे गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "बरोबर हाये पोरीचं." तू मला जवळ ओढलंस. तेव्हापासून ती गोष्ट तुझी झाली.

मी नागपूरला गेले. तू दोन महिन्यांनी एकदा यायचीस, पिशवीत मुरमुऱ्याचे लाडू आणि उतरंडीमागून पुन्हा काढलेलं ते रजिस्टर. हॉस्टेलच्या खोलीतल्या पोरींना तू पहिल्याच भेटीत स्थळाची गोष्ट सांगितलीस, आणि मी अभ्यास आहे म्हणून व्हरांड्यात निघून गेले. एका खेपेला आपण सिनेमा थिएटरबाहेर नळाचं नवं मशीन बघायला गेलो. चकचकीत स्टीलची पेटी, तीन नळ, वर लाल-हिरवे दिवे. पेला खाली धरला की सोडा आपोआप पडायचा, ना गोटी ना हँडल. तू पेटीला पूर्ण वळसा घातलास. तिथला माणूस म्हणाला, "बाई, मागे काही नाही." "मंग सोडा कुठून येते?" "आतून." तू प्यायलीस, चांगला आहे म्हणालीस, रजिस्टरमध्ये नागपूर लिहिलंस आणि मार्कांचा रकाना कोरा सोडलास. "दिसून तं काहीच नाही राहिलं, मार्क कायचे देऊ?" एस.टी. स्टँडपर्यंत तू त्याच विचारात होतीस. माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तू दवाखान्यात होतीस. बाजूच्या खाटेवरच्या बाईला तू तीच गोष्ट सांगितलीस, थांबून थांबून, श्वास घेत. मी उशी नीट केली.

शाळा, पगार, स्वतःचं घर, माझ्या पसंतीचा नवरा, सगळं मला तुझ्या त्या एका सहीने मिळालं. तू ती अपराधी मनाने केलीस आणि नंतर अभिमानाने निभावलीस. तुझा एवढा मोठा उपकार आहे की त्याखाली बाकी सगळं झाकून टाकता आलं असतं, आणि मी ते झाकलंच. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुझ्या हातात पडण्याची जराशी जरी शक्यता असती तरी पुढचं लिहिलं नसतं. "सोड्याची" एवढा एकच शब्द बोलायचा होता, माय. पोह्यांची ताटली हातात होती आणि मला पहिल्याच प्रश्नाला सगळं समजलं होतं. मी घाबरले नव्हते. मी दारामागे हसू दाबत होते. तू सिहोऱ्याची तारीफ करत होतीस, गुरुजींचा चेहरा पडत चालला होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून सांग, माय, अजून एक बाटली सांग.